कोजनच्या स्टीम लाइनसाठी व्हॉल्व्हचा दुसरा मेकर कोणता धरावा?

ऊसपट्टा

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात कोजनच्या (बगॅस जाळून वाफ आणि वीज काढणाऱ्या विभागाच्या) मेंटेनन्सला आहे. बॉयलर ६७ किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६७ किलो प्रेशर), सुपरहीटरनंतर टेंपरेचर ५१५ डिग्री. कोजन उभं राहिलं तेव्हापासून मेन स्टीम, फीड वॉटर, ड्रेन-व्हेंट सगळीकडे एकाच कंपनीचे व्हॉल्व्ह बसवलेत (नाव घेत नाही). मालाबद्दल फारशी तक्रार नाही पण अलीकडे डिलिव्हरीनं जीव काढलाय. ऑफ सीझनला व्हॉल्व्ह उघडल्यावरच कळतं कुठली सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) कटलीय, मग इंडेंट, कोटेशन, खरेदी कमिटी, पीओ (खरेदीची ऑर्डर) हे सगळं होईस्तोवर पावसाळा लागतो आणि तिकडून उत्तर येतं की सहा महिने धरून चाला. आमचं बॉयलर अग्निप्रदीपन दसऱ्याच्या आसपास. स्पेअर मागितले, साधी सीट रिंग किंवा प्रेशर सीलची (आतल्या प्रेशरनंच घट्ट बसणाऱ्या झाकणाची) ग्राफाइट रिंग, तरी तेच रडगाणं, वर म्हणतात नवीन व्हॉल्व्हच घ्या.

एमडी साहेबांनी सांगितलंय दुसरा मेकर उभा करा. समोर नावं आहेत एल अँड टी, केएसबी, भेल त्रिची, जालंधरच्या दोन कंपन्या आणि गुजरातच्या तीन. गुजरातच्या एकाचा दर तर बाकीच्यांच्या जवळपास निम्मा आहे आणि कमिटीतल्या संचालकांचा डोळा तिथंच आहे. मला नुसता दराचा तक्ता न्यायचा नाहीय. तुलना नेमकी कशावर करायची? ज्यांनी मेकर बदललाय त्यांनी अनुभव सांगा.

पिंपरीकर

साहेब आधी लिस्ट टाका. साइझ, क्लास (प्रेशर रेटिंगची श्रेणी), मटेरियल, एंड कनेक्शन. त्याशिवाय कुणीही काहीही सांगेल.

ऊसपट्टा

@पिंपरीकर, मुख्य मुख्य टाकतो. मेन स्टीम १० इंच गेट, डब्ल्यूसी९ (क्रोम-मॉली मिश्र स्टीलचं कास्टिंग), प्रेशर सील बोनेट (बोनेट म्हणजे बॉडीवरचं झाकण), बट वेल्ड (पाइपला टोकाला टोक लावून वेल्ड). फीड वॉटर ६ इंच ग्लोब आणि एनआरव्ही (उलटा प्रवाह अडवणारा), डब्ल्यूसीबी (साधं कार्बन स्टील). ड्रेन आणि व्हेंट १ इंच फोर्ज्ड ग्लोब, एफ२२ (डब्ल्यूसी९ च्याच जातीचं, पण फोर्जिंग), सॉकेट वेल्ड, याची संख्या सगळ्यात जास्त. एक्झॉस्ट हेडरला २४ इंच बटरफ्लाय. शिवाय बॉइलिंग हाउसकडून चुन्याच्या लाइनचे आणि रसाच्या लाइनचे आलेत, ते पण आमच्याच गळ्यात.

दर्यापार

अबू धाबीहून लिहितोय, ऑइल अँड गॅसच्या ईपीसीत (प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीत) आहे. आमच्याकडे हा प्रश्न येतच नाही कारण क्लायंटची अ‍ॅप्रूव्ह्ड मेकर लिस्ट असते, तिच्यात नाव नसेल तर कोटेशन उघडतसुद्धा नाहीत. पण त्या लिस्टमध्ये कंपनीचं नुसतं नाव नसतं हे लक्षात घ्या. कंपनी, कुठला कारखाना, कुठला प्रकार, कुठल्या साइझपर्यंत, कुठल्या क्लासपर्यंत असं सगळं लिहिलेलं असतं. एखादी कंपनी ३०० क्लासचे बॉल व्हॉल्व्ह फर्स्ट क्लास बनवत असेल म्हणून १५०० क्लासचा प्रेशर सील गेट तिला जमेलच असं नाही. तुमच्याकडे अशी लिस्ट नसेल तर या निमित्तानं करून टाका.

आणि कुणी कॅटलॉगवर एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) मोनोग्राम छापला असेल तर लायसन्स नंबर मागा. एपीआयच्या साइटवर कंपोझिट लिस्ट सगळ्यांना उघडी आहे, नंबर टाकला की लायसन्स चालू आहे की सस्पेंड, कुठल्या पत्त्याचं आहे, सगळं दिसतं. तिथं नसलेलं लायसन्स कॅटलॉगवर छापणारे मी पाहिलेत.

भोगावतीकाठ

भावा निम्म्या दरात १० इंची डब्ल्यूसी९ प्रेशर सील? नुसतं कास्टिंग तरी तेवढ्यात येतंय का बघ. काहीतरी गडबड हाय त्यात.

तपासनीस

मी थर्ड पार्टी इन्स्पेक्शनमध्ये आहे, व्हॉल्व्हच्या कारखान्यांतच बराचसा वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऊसपट्टा दादा, पहिली गोष्ट, कंपन्यांची एकमेकींशी तुलना करूच नका. तुमच्या लिस्टमधल्या ओळी वेगवेगळ्या करा आणि प्रत्येक ओळीला वेगळा मेकर निघाला तरी चालेल अशी तयारी ठेवा. मेन स्टीमचा गेट आणि चुन्याचा व्हॉल्व्ह एकाच पीओत घालून एल-१ (सगळ्यात कमी दरवाला) काढणं हीच बहुतेक कारखान्यांची पद्धत असते आणि त्यात मग एक तर चुन्याच्या व्हॉल्व्हला सोन्याचा भाव द्यावा लागतो नाहीतर मेन स्टीमला नको तो माल येतो.

स्टीमवाल्या ओळींना पहिला प्रश्न आयबीआरचा (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, बॉयलर आणि वाफेच्या सामानाचे सरकारी नियम). फॉर्म ३-सी (व्हॉल्व्हचं आयबीआर सर्टिफिकेट) मूळ प्रत, हीट नंबरसकट (हीट म्हणजे धातूच्या एका ओतीची बॅच), आणि तो हीट नंबर बॉडीवर आणि बोनेटवर उठवलेला दिसला पाहिजे. सर्टिफिकेट वेगळ्या हीटचं आणि व्हॉल्व्ह वेगळ्या हीटचा असा घोळ सर्रास असतो, आणि तो बॉयलर इन्स्पेक्टर साहेब साइटवर आल्यावर बाहेर येतो, म्हणजे नेमका ऐन वेळेला.

दुसरी गोष्ट पीएमआय, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय त्याची तपासणी. हातातल्या गनने दोन मिनिटांत क्रोमियम, मॉलिब्डेनम कळतं. डब्ल्यूसी९ ला क्रोमियम २ ते २.७५ टक्के आणि मॉली ०.९ ते १.२ च्या मधे हवं. डब्ल्यूसी६ ला क्रोमियम १ ते १.५ आणि मॉली साधारण अर्धा टक्का. रंगावरून, वजनावरून फरक कळत नाही, दोन्ही सिल्व्हर पेंट मारून येतात. फक्त एक ध्यानात ठेवा, एक्सआरएफ गनला (तीच हातातली) कार्बन दिसत नाही, त्यासाठी ओईएस मशीन लागतं. पीओमध्ये "बॉडी, बोनेट, वेज प्रत्येकी १०० टक्के पीएमआय" असं लिहा (वेज म्हणजे गेटमधली वाट अडवणारी पाचर), नुसतं "पीएमआय" लिहिलं तर एक व्हॉल्व्ह दाखवून मोकळे होतात.

तिसरी गोष्ट टेस्टला स्वतःचा माणूस पाठवा. शेल टेस्ट (बॉडीची) रेटिंगच्या दीडपट, सीट १.१ पट, आणि हवेची लो प्रेशर टेस्ट. एपीआय ५९८ प्रमाणे धातूच्या सीटला थोडी गळती मान्य असते, ८ ते १२ इंचाला मिनिटाला २० थेंब. चांगला मेकर त्याच्या खूप आत असतो. २० ला १८ थेंब दाखवणारा पास होतो पण हंगामाच्या मध्यात तोच व्हॉल्व्ह "पास" व्हायला, म्हणजे बंद असूनही आतून गळायला लागतो.

शिरोलीकर

ताईंनी बरोबर सांगितलं, त्यात आमच्या बाजूचं घालतो. मी फाउंड्रीत आहे. आमच्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, गाड्यांचं काम जास्त. डब्ल्यूसीबी, डब्ल्यूसी९ सारखी स्टील कास्टिंगं करणाऱ्या फाउंड्र्या कोइमतूर, अहमदाबाद, राजकोट या पट्ट्यात जास्त आहेत. आणि व्हॉल्व्हच्या कित्येक कंपन्यांची स्वतःची फाउंड्री नसतेच. त्या कास्टिंग बाहेरून घेतात, मशिनिंग, हार्डफेसिंग, असेंब्ली, टेस्टिंग स्वतःकडे. एकाच गिरणीचं पीठ आणि भाकरी ज्याची त्याची, असला प्रकार.

त्यामुळं कोटेशन मागताना सरळ विचारा, बॉडी कास्टिंग कुठल्या फाउंड्रीचं? ती फाउंड्री आयबीआरमध्ये वेल नोन (मान्यताप्राप्त) आहे का? पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना) कुणाच्या मालकीचा? तुमच्या साइझचा पॅटर्न तयार आहे की ऑर्डर आल्यावर करणार? डिलिव्हरीचं सगळं रहस्य इथं आहे. पॅटर्न तयार नसेल तर तो मेकर "१२ आठवडे" म्हणेल आणि पॅटर्नवर दोन महिने, पहिली कास्टिंगं रेडिओग्राफीत (एक्स-रेसारख्या तपासणीत) रिजेक्ट झाली की अजून दोन महिने. १० इंच मोठ्या क्लासची ऑर्डर वर्षात दोन-चारच येतात त्यामुळं कुणी कास्टिंग स्टॉकला ठेवत नाही.

अजून एक. मोठ्या कास्टिंगला वेल्ड रिपेअर असतंच, त्याला घाबरू नका. पण रिपेअरचा नकाशा आणि त्यानंतरच्या हीट ट्रीटमेंटचा चार्ट मागा. चार्ट द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला तिथंच राम राम.

भोगावतीकाठ

शिरोलीकर नाद खुळा माहिती दिली. आमच्या चीफ इंजिनिअरना लिंक पाठवतो.

नागदेवी_ट्रेडर

सगळे मेकरकडूनच घ्या म्हणताय, जरा व्यापाऱ्यांचंही ऐका. माझं दुकान मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. ड्रेन-व्हेंटचे १ इंची फोर्ज्ड व्हॉल्व्ह, एफ११, एफ२२, आठशे आणि पंधराशे क्लास, हे आम्ही स्टॉकला ठेवतो, ३-सी सकट. कारखान्याचा फोन आला की संध्याकाळच्या गाडीनं माल निघतो. हंगामात बॉयलर बंद ठेवून मेकरची वाट बघायची का? एका दिवसाचं गाळप आणि वीज बुडाली तर व्हॉल्व्हची किंमत कुठल्या कुठं राहते. आणि दर म्हणाल तर मेकर छोट्या गिऱ्हाइकाला जो दर देतो त्यापेक्षा आमचा बऱ्याचदा कमी पडतो कारण आम्ही लॉटनं उचलतो.

तपासनीस

@नागदेवी_ट्रेडर, फोर्ज्ड छोट्या व्हॉल्व्हचं तुमचं म्हणणं मान्य आहे. माझा आक्षेप झेरॉक्स सर्टिफिकेटवर आहे. एका ३-सीवर ५० व्हॉल्व्ह असतात, ट्रेडर त्यातले ५ एकाला, १० दुसऱ्याला विकतो आणि प्रत्येकाला झेरॉक्स. मग त्या झेरॉक्सवर ५० चे ८० कधी होतात हे घेणाऱ्याला कसं कळणार? जुने व्हॉल्व्ह साफ करून, रंग मारून, नवी नेमप्लेट लावूनही बाजारात येतात. तुम्ही तसं करता असं म्हणत नाही, पण घेणाऱ्यानं मेकरला ईमेल करून सिरियल नंबर तपासावेत. चांगला मेकर एका दिवसात उत्तर देतो, आणि हीसुद्धा मेकरची एक परीक्षाच आहे.

नागदेवी_ट्रेडर

ताई हे बाजारात चालतं हे खरंय आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास सरळ धंदा करणाऱ्याला होतो. आम्ही प्रत्येक बिलावर सिरियल नंबर टाकतो आणि मूळ ३-सी बघायला दुकानात ठेवतो. ऊसपट्टा साहेबांनी कुठल्याही ट्रेडरला हे दोन प्रश्न विचारावेत. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, माझ्याकडूनसुद्धा.

जलवाहिनी

थोडं अवांतर, पण उपयोगाचं आहे. मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला. आमचे स्लुइस व्हॉल्व्ह आयएस १४८४६ चे, बटरफ्लाय आयएस १३०९५ चे. ठेकेदार आयएसआय मार्कचा माल दाखवतो, त्यावर सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर, चालू की बंद, लगेच दिसतं. आमच्या स्टोअरकीपरला एवढं शिकवल्यापासून ठेकेदार आधीच नीट माल आणतात. साखर कारखान्यात पण कॉलनीचा पाणीपुरवठा, कूलिंग वॉटर, स्प्रे पाँड यांना हेच व्हॉल्व्ह लागतात ना? त्यासाठी स्टीमवाल्या मेकरकडं जायची गरजच नाही. तुमच्या जिल्ह्यात तर किर्लोस्करवाडी आहे, १९१० पासूनची. किर्लोस्कर ब्रदर्स पंपांसोबत पाण्याच्या कामाचे व्हॉल्व्ह पण बनवते.

ऊसपट्टा

जलवाहिनी, धन्यवाद, हे डोक्यात नव्हतं. पाण्याचे व्हॉल्व्ह वेगळे काढतो.

गुजरातच्या स्वस्त कोटेशनचं भोगावतीकाठ म्हणाले म्हणून आज परत नीट वाचलं. आमचे जुने मेन स्टीमचे व्हॉल्व्ह क्लास १५०० चे आहेत. बाकी सगळ्यांनी १५०० च दिलाय. त्यांनी टेक्निकल डेटाशीटमध्ये ९०० लिहिलंय आणि खाली टीप, "वर्किंग प्रेशर ६७ किलोसाठी योग्य". विचारलं तर म्हणाले तुमच्या आधीच्या मेकरनं उगाच जड व्हॉल्व्ह गळ्यात मारला, आम्ही योग्य तेवढाच देतोय. संचालकांना हे पटलंय. खरं काय?

कूपरगावचा

आमच्याकडं मेन स्टीमला ९०० च आहेत आणि कित्येक हंगाम व्यवस्थित चाललेत. आमचा बॉयलर ४५ किलोचा आहे. उगाच १५०० कशाला?

पिंपरीकर

@कूपरगावचा, ४५ किलोला चालतील हो. ६७ किलो आणि ५१५ डिग्रीला गणित वेगळं आहे.

ऊसपट्टा, क्लासचा आकडा म्हणजे प्रेशर नव्हे. एएसएमई बी१६.३४ (व्हॉल्व्हच्या रेटिंगचं स्टँडर्ड) चा तक्ता उघडा. डब्ल्यूसी९, क्लास ९००, थंड असताना भरपूर प्रेशर घेतो, पण ५०० डिग्रीला सुमारे ८५ बार उरतात आणि ५३८ डिग्रीला सुमारे ५५. मधे कडा आहे आणि तुम्ही नेमके त्या कड्यावर उभे आहात. ५१५ ला हिशोब केला तर ७३ बारच्या आसपास येतं. आता म्हणाल ६७ किलो तर बसतंय की. पण व्हॉल्व्ह वर्किंग प्रेशरला निवडत नाहीत, डिझाइन प्रेशरला निवडतात. सुपरहीटरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं सेटिंग किती आहे बघा, लाइनचं डिझाइन प्रेशर ड्रॉइंगवर किती आहे बघा. ते ७३ च्या वर असलं की ९०० बाद. शिवाय टेंपरेचर कंट्रोल हलला आणि थोडा वेळ ५२५-५३० ला गेलं तर ९०० ची ताकद अजून खाली. १५०० क्लासला ५३८ डिग्रीलासुद्धा ९० बारच्या वर मिळतात. आधीच्या मेकरनं जड व्हॉल्व्ह गळ्यात मारला नाही, बरोबर दिला होता.

हा, बट वेल्ड व्हॉल्व्ह स्पेशल क्लासमध्ये देता येतो, त्यात ९०० ला जास्त रेटिंग मिळतं. पण त्यासाठी कास्टिंगची रेडिओग्राफी वगैरे जादा तपासण्या कराव्या लागतात आणि नेमप्लेटवर, सर्टिफिकेटवर तसं लिहावं लागतं. त्या कोटेशनमध्ये स्पेशल क्लास लिहिलंय का? नसेल तर विषय संपला.

ऊसपट्टा

नाही लिहिलेलं. ड्रॉइंगवर डिझाइन प्रेशर ७८ किलो आहे.

पिंपरीकर

झालं मग. तक्त्याचं हे पान आणि ड्रॉइंगचं ते पान शेजारी शेजारी ठेवून कमिटीपुढं न्या. ७८ किलो म्हणजे ७६ बारच्या वर, आणि व्हॉल्व्हला ७३. संचालक शेतकरी माणसं असतात, हिशोब चटकन कळतो त्यांना.

भोगावतीकाठ

मी म्हटलं नव्हतं गडबड हाय म्हणून 😄

ग्लँडडोरी

निवृत्त फोरमन आहे, तीन कारखान्यांत हंगाम काढले. सगळे कागदावर बोलताय, थोडं हातातलं सांगतो.

नवा मेकर घेताना त्याचा एक व्हॉल्व्ह मागवा आणि शेडमध्ये फिटरच्या हाती द्या, खोला म्हणावं. ग्लँडच्या बोल्टना आयबोल्ट आहे का स्टड? ग्लँड डोरी (स्पिंडलभोवतीचं पॅकिंग) बदलायला स्पॅनर बसायला जागा आहे का? बॅकसीट (व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्पिंडल वर टेकून गळती अडवतो ती) खरोखर बसते का? योक बुशला ग्रीस निपल आहे का? वेज काढून सीटला निळं लावून बघा, पूर्ण गोल उमटतो का अर्धवट. स्पिंडलचा पृष्ठभाग बोटानं बघा, खरबरीत स्पिंडल कितीही भारी पॅकिंग घातलं तरी खाऊन टाकतो. कुठल्याही सर्टिफिकेटवर यातलं काही लिहिलेलं नसतं आणि हंगामात रात्री तीन वाजता सगळं ह्याच्यावर अडतं.

आणि व्हॉल्व्ह पास होतो त्यातले निम्मे तरी चालवणाऱ्यामुळं. आयसोलेशनचा गेट अर्धा उघडा ठेवून फ्लो कमी-जास्त करतात, मग वाफेनं सीटला चर पडतात. दर दोन वर्षांनी ज्या जागेचा व्हॉल्व्ह जातो तिथं मेकर बदलण्याआधी तो कसा चालवला जातो ते बघा. तिथं गेटऐवजी फ्लो कमी-जास्त करता येणारा ग्लोब पाहिजे असेल.

कूपरगावचा

ग्लँडडोरी काका, ड्रेनच्या व्हॉल्व्हचं पण सांगा. आमचे ड्रेन सगळे पास होतात, पार त्याचा आवाज येतो.

ग्लँडडोरी

ड्रेनला दोन व्हॉल्व्ह एकामागं एक पाहिजेत. पाइपकडचा आधी पूर्ण उघडायचा आणि शेवटी बंद करायचा, सगळी झीज बाहेरच्यावर. बाहेरचा बदलायला सोपा, आतला जपायचा. पोरांना एवढं शिकवलं तर आतला व्हॉल्व्ह लई वर्षं टिकतो.

वेर्णेकार

गोंयातल्या वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फार्मा प्लँटला आहे. आमचे ३१६एलचे डायफ्राम व्हॉल्व्ह, साखरेशी संबंध कमी, पण मेकर बदलण्याचा एक मुद्दा सगळीकडे सारखाच. आम्ही नव्या मेकरला थेट मुख्य लाइनवर घेत नाही. आधी युटिलिटीत, जिथं तो बिघडला तरी उत्पादन थांबणार नाही तिथं लावतो, आणि पीओतच लिहितो की स्पेअर इतकी वर्षं मिळतील, पार्ट नंबर आणि ड्रॉइंगसकट. तुमची मूळ तक्रार स्पेअरचीच दिसते. नवा मेकरसुद्धा उद्या तेच करील, मग परत नवा धागा काढावा लागेल.

ऊसपट्टा

वेर्णेकार, हा मुद्दा अगदी नेमका. स्पेअरचा दर आजच्या कोटेशनमध्येच मागतो.

एक्झॉस्टवाला

ऊसपट्टा साहेब, एक्झॉस्टच्या २४ इंच बटरफ्लायबद्दल कुणी बोललं नाही. दीड किलोची वाफ म्हणून बरेच लोक त्याला आयबीआर लागत नाही असं धरून साधा रबर सीटचा व्हॉल्व्ह घेतात. कायद्यातली स्टीम पाइपची व्याख्या बघा. साडेतीन किलोच्या वर तर आहेच, पण २५४ मिमीपेक्षा मोठा पाइप असेल तर एक किलोच्या वरच आत येतो. तुमचा २४ इंच, दीड किलो, म्हणजे आतच. आणि साधं नायट्राइल रबर त्या टेंपरेचरला टिकत नाही, कडक होऊन तुटतं. ईपीडीएम नाहीतर धातूची सीट विचारा, आणि डीसुपरहीटर (वाफेचं टेंपरेचर उतरवणारा) बंद पडल्यावर एक्झॉस्ट किती तापतो ते धरून विचारा.

अजून, तुमचा कारखाना जुना असेल तर बॉइलिंग हाउसच्या फ्लँजा मोजूनच ऑर्डर द्या. जुन्या कारखान्यांत बीएस १० (जुनं ब्रिटिश फ्लँज स्टँडर्ड) टेबल डी, ई अजून भरपूर आहेत. ४ इंचाला एएसएमई १५० चं पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १९०.५ मिमी, टेबल ई चं १७८. भोकं दोन्हीला आठच, त्यामुळं लांबून सारखं दिसतं आणि माल आल्यावर बोल्ट घुसत नाही. नव्या मेकरला जुनं ड्रिलिंग करून द्यायला सांगता येतं, पण ऑर्डरच्या आधी.

शिरोलीकर

+१. आणि बट वेल्डवाल्यांना फेस टू फेस (व्हॉल्व्हची टोक ते टोक लांबी) पण विचारा. प्रेशर सीलमध्ये शॉर्ट पॅटर्न पण येतो. जुना रेग्युलर आणि नवा शॉर्ट आला तर मधे पाइपचा तुकडा घालावा लागेल, म्हणजे मिश्रधातूच्या पाइपचे जादा जॉइंट, प्रीहीट, स्ट्रेस रिलीव्हिंग, रेडिओग्राफी. त्या खर्चात स्वस्त व्हॉल्व्हची बचत वाहून जाते.

दर्यापार

शिरोलीकर, अगदी. आमच्याकडे बिड इव्हॅल्युएशनमध्ये हा खर्च धरून लोडिंग करतात, म्हणजे दरात तेवढे पैसे मिळवून मग तुलना. सहकारी कारखान्यात पण करता येईल की, टेंडरच्या अटींमध्ये आधीच लिहून ठेवलं तर.

ऊसपट्टा

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. आज चीफ इंजिनिअर साहेबांबरोबर बसून लिस्टचे तुकडे केले, कुठं काय ठरलं ते सांगतो.

मेन स्टीम १० इंच, क्लास १५०० वर ठाम. एल अँड टी आणि भेल त्रिची दोघांनाही परत पत्र, त्यात फाउंड्री, पॅटर्न, फेस टू फेस आणि स्पेअरचे दर विचारलेत. एल अँड टीचं नाव निघाल्यावर आमचे जुने फिटर लगेच म्हणाले, म्हणजे ऑडको ना, घ्या! (एल अँड टी व्हॉल्व्ह्ज म्हणजे पूर्वीची ऑडको इंडिया, त्यांच्या तोंडी अजून तेच नाव आहे.) मोठे व्हॉल्व्ह या वर्षी जेवढे लागणार त्यापेक्षा एक जादा घ्यायचा आणि स्टोअरला ठेवायचा, हे एमडी साहेबांनी मान्य केलंय. फीड वॉटरला केएसबीचं कोटेशन ठीक वाटतंय, त्यांचे व्हॉल्व्ह कोइमतूरला बनतात, तिथं टेस्टला माणूस पाठवणार. जालंधरच्या एका मेकरला प्रोसेस हाउसच्या लो प्रेशर लाइनवर घेऊन एक हंगाम बघणार, वेर्णेकार म्हणाले तसं. ड्रेन-व्हेंट दोन ठिकाणांहून, एक मेकर आणि एक ट्रेडर, सिरियल नंबर बिलावर आणि मूळ ३-सी बघून.

गुजरातच्या स्वस्त कोटेशनवाल्यांना १५०० चं कोटेशन परत मागितलं. आलेला दर बाकीच्यांच्या अगदी जवळ आहे. कमिटीत तो कागद ठेवल्यावर कुणी काही बोललं नाही.

फक्त चुन्याच्या लाइनचा प्रश्न राहिला. तिथं गेट व्हॉल्व्ह आहेत आणि हंगामाच्या मध्यात बंदच होत नाहीत.

एक्झॉस्टवाला

चुन्याला गेट व्हॉल्व्ह नकोच. वेजच्या खाली जो खड्डा असतो त्यात चुना बसतो, वाळतो, मग वेज तळाला टेकत नाही. मेकर कुठलाही घेतला तरी तेच होणार. पिंच व्हॉल्व्ह लावा, आत नुसती रबराची स्लीव्ह असते, चुन्याला अडकायला जागाच नाही. स्लीव्ह खराब झाली की तेवढीच बदलायची. डायफ्राम पण चालतो, पण आतून सरळ वाटेचा बघा, मधे उंचवटा असलेला नको. आणि व्हॉल्व्हच्या शेजारी पाण्याचं एक कनेक्शन काढा, लाइन बंद केली की लगेच धुऊन काढायची.

ग्लँडडोरी

पाण्याचं कनेक्शन आधी काढा, व्हॉल्व्ह नंतर मागवा. आणि स्लीव्हचे दोन-तीन नग पहिल्या ऑर्डरमध्येच घाला, हंगामात ते कुठं शोधत बसू नका.

ऊसपट्टा

उद्या इंडेंटमध्ये घालतो. पिंच व्हॉल्व्हच्या स्लीव्हचं रबर चुन्याला कुठलं चालेल, साधं नॅचरल की ईपीडीएम?

एक्झॉस्टवाला

नॅचरल रबर झिजेला जास्त टिकतं, पण चुना गरम पाण्यात कालवत असाल तर ईपीडीएम घ्या. टाकीतलं टेंपरेचर मोजून मेकरला कळवा, अंदाजानं सांगू नका.